‘मुंग्या आल्या’ : एका शब्दामागचे तीन बिघाड

दूरदर्शनचं मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरून पुण्यात चित्र पोहोचलं. तेव्हाच्या टीव्हीबद्दल बोलताना लोकांना शटरचा लाकडी खोका आणि खोलीभर बसलेली शेजारपाजारची मुलं आठवतात. पण घराघरात सर्वाधिक उच्चारलं गेलेलं वाक्य कोणत्याही कार्यक्रमातलं नव्हतं. गच्चीवर अँटेना फिरवणाऱ्याची विचारणा व्हायची, ‘आलं का?’ आणि खालून उत्तर जायचं, ‘मुंग्या!’

या ‘मुंग्या’ शब्दाने फार घोटाळा केला. चित्र बिघडलं की मुंग्या, मग बिघाड कुठलाही असो. खऱ्या मुंग्या म्हणजे पडदाभर वळवळणारे काळे-पांढरे ठिपके, आणि त्यांचं कारण अशक्त सिग्नल. त्यावर उपाय म्हणजे पाइप वाढवून अँटेना उंच करणं. अँटेनाची लांब दांडी मागे हवी आणि आखूड दांड्या प्रक्षेपणाच्या मनोऱ्याकडे. घाईत ती नेमकी उलटी बसवली जायची.

दुसरा बिघाड सावलीचा. उंच इमारतीवर आपटून आलेली लहर उशिरा पोहोचते, म्हणून प्रत्येक माणसाच्या उजवीकडे त्याची फिकट जोडप्रत दिसते. वाट ३०० मीटर जास्त असेल तर २० इंची पडद्यावर सावली सुमारे ८ मिलिमीटर सरकते. इथे उंची वाढवून बहुधा भागत नाही. अँटेना थोडी वळवून आपटून येणारी लहर तिच्या कडेच्या बाजूला आणावी लागते, मग मूळ सिग्नल किंचित कमी झाला तरी चालतो. गच्चीवरचा पोरगा बिचारा पाइप उंच करत बसायचा.

तिसरा म्हणजे चित्र वर-खाली पळणं. यात बहुतेक वेळा अँटेनाचा संबंधच नसे. मागचं ‘व्ही-होल्ड’चं बटण हलकेच फिरवलं की चित्र थांबायचं. रस्त्यावरून स्कूटर गेल्यावर उमटणारी ठिपक्यांची आडवी रेघ तिच्या स्पार्क प्लगच्या ठिणगीची असे. तिच्यासाठीही अँटेनावर बसणाऱ्या कावळ्यांना दोष मिळाला.

अँटेनाकडून टीव्हीपर्यंत येणाऱ्या पट्टीवायरकडे मात्र कोणी पाहिलं नाही. ही चपटी वायर लोखंडी पाइपला चिकटून खाली आणली की सिग्नल वाटेतच गळतो. पावसात ती भिजली की आणखी गळतो आणि उन्हाने तडकली की आत पाणी शिरतं. वायर पाइपपासून चार बोटं दूर ठेवून तिला हलके पीळ द्यायचे, एवढं केलं असतं तर निम्म्या मुंग्या गेल्या असत्या.

१९८२ मध्ये रंग आला, पडद्यावर लावायचा निळा-हिरवा प्लास्टिकचा कागद गेला. नंतरच्या दोन-तीन वर्षांत गावोगाव १०० वॅटची लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रं उभी राहिली आणि त्यांचा सिग्नल जेमतेम पोहोचायचा अशा कडेवरच्या घरांत मुंग्यांचा खरा संसार थाटला गेला. १९८७ मध्ये रविवारी सकाळी ‘रामायण’ लागू लागलं तेव्हा सिग्नल वाढवणाऱ्या बूस्टरची खरेदी झाली. तो पाइपवर, अँटेनाच्या अगदी जवळ बसवायचा असतो. टीव्हीशेजारी ठेवला तर वायरमध्ये दुबळा झालेला सिग्नल आणि मुंग्या, दोन्ही सारख्याच वाढतात.

नव्वदच्या दशकात केबल आली, तिच्या सैल जोडांतून मुंग्याही आल्या. आताचं डिजिटल चित्र एकतर स्वच्छ दिसतं, नाहीतर चौकोन पडून थिजतं. सिग्नल गेला की नवा संच पडदा निळा करून टाकतो.