ट्रामाडोल एनडीपीएसखाली कसं गेलं: आधीचं आणि नंतरचं

ट्रामाडोलच्या आधी मॉर्फिन, अफूपासूनचं जोरकस वेदनाशामक; त्याची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत आहे म्हणून तिथे फार थांबत नाही. १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा आला, शिक्षा किमान दहा वर्षं, परवाने चार-पाच ठिकाणचे, मग हॉस्पिटलांनी ते ठेवणंच सोडून दिलं आणि १९९७ पर्यंत देशभरातला वर्षाचा खप १८ किलोच्या आसपास आला, तोही नीमच-मंदसौरला सरकारी परवान्याने अफू पिकवणाऱ्या देशात. केरळ सोडलं तर कॅन्सरच्या पेशंटला मॉर्फिनची गोळी मिळणं नशिबाचा भाग. २०१४ च्या दुरुस्तीने नियम सैल केले, पण डॉक्टरांची भीती काही कायद्याबरोबर गेली नाही.

ही पोकळी भरली ट्रामाडोल या दुखण्यावरच्या गोळीने. मूळचं जर्मनीतलं, १९७७ पासून बाजारात, आणि ख्याती अशी की सौम्य आहे, सवय फारशी लागत नाही. ही ख्याती बरीचशी इंजेक्शन देऊन केलेल्या सुरुवातीच्या चाचण्यांवर उभी होती, आणि गोळी पोटातून गेली की यकृत तिचं जास्त जोरकस रूप तयार करतं, तेही प्रत्येकाचं यकृत वेगवेगळ्या प्रमाणात. म्हणजे तोच डोस एकाला काहीच करत नाही आणि दुसऱ्याला झोपवून टाकतो. अमेरिकेत २०१७ मध्ये १२ वर्षांखालच्या मुलांना ट्रामाडोल देऊ नका असा इशारा निघाला तो याच कारणाने. इकडे तोवर गुडघा, कंबर, ऑपरेशननंतरचं दुखणं, सगळ्याला पॅरासिटामॉलबरोबर तीच गोळी. मार्च २०१४ पासून ती शेड्यूल एच१ मध्ये होती, म्हणजे मेडिकलवाल्याने पेशंट आणि डॉक्टरचं नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचं आणि ते तीन वर्षं जपायचं. कागदावर तरी.

ट्रामाडोल एनडीपीएसखाली टाकायचा एप्रिल २०१८ चा निर्णय मात्र रजिस्टर भरत नाहीत म्हणून झाला असं मला वाटत नाही. आदल्याच वर्षी मे महिन्यात इटलीत जेनोवा बंदरात भारतातून लिबियाला निघालेल्या ३ कोटी ७० लाख ट्रामाडोल गोळ्या पकडल्या होत्या, नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या बंदरात अजून २ कोटी ४० लाख. नायजेरिया, घानात २२५ मिलिग्रॅमच्या गोळ्या सापडत होत्या, जी ताकद कुठल्याही डॉक्टरच्या चिठ्ठीवर नसते. पंजाबातून नशेसाठीच्या वापराची वेगळी ओरड होतीच. मग केंद्राने ट्रामाडोल थेट एनडीपीएसखाली टाकलं, स्ट्रिपवर लाल एनआरएक्स, म्हणजे अमली औषधाची खूण आली. आता कंटेनर भरून माल पाठवणाऱ्याला लगाम हवा होता हे मान्य, पण घाबरला कोण तर नाक्यावरचा मेडिकलवाला, कारण साठ्यात दहा गोळ्यांचा हिशोब चुकला तरी प्रकरण थेट अमली पदार्थांच्या कायद्यात जातं. बऱ्याच जणांनी ठेवणंच बंद केलं. मॉर्फिनचंच झालं होतं की हे!

आणि जागा रिकामी राहिली नाहीच. टॅपेंटाडोल हे ट्रामाडोलसारखंच वेदनाशामक २०११ पासून देशात होतं आणि ते एनडीपीएसबाहेर, सो चिठ्ठ्या तिकडे वळल्या, नशा करणारेही वळले, निर्यातवालेही. फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्याच पालघरची एक फॅक्टरी बातम्यांत आली, टॅपेंटाडोल आणि कॅरिसोप्रोडोल (स्नायू सैल करणारं औषध) एकत्र केलेल्या गोळ्या पश्चिम आफ्रिकेत धाडत होती, आणि हे मिश्रण भारतातही मंजूर नाही. दोन-तीन दिवसांत केंद्राने त्याची निर्यात थांबवली. बातमीच्या आधी परवानग्या कोण देत होतं, हा प्रश्न तसाच.

या सगळ्यात घरी गोळी घेणाऱ्याचा धोका वेगळाच, आणि त्यावर इथे चर्चा कमी झाली. झोपेची गोळी किंवा दारू सोबत घेतली तर श्वास मंदावतो, याचा ठळक इशारा अमेरिकेत २०१६ लाच लागला. डिप्रेशनच्या काही गोळ्यांबरोबर ट्रामाडोल घेतलं तर फिट येऊ शकते. २०१९ मध्ये तिथे अजून एक इशारा आला तो उलट्या बाजूचा: बरेच महिने चालू असलेली ओपिऑइड (मॉर्फिन-ट्रामाडोलच्या जातीची औषधं) एकदम तोडू नका, डोस हळूहळू उतरवा, कारण डॉक्टरांनी घाबरून अचानक बंद केल्यावर लोकांचं दुखणं उफाळलं, काही जणांनी जीव दिला. आपल्याकडे डॉक्टरला घाबरायचीही गरज पडत नाही, महिन्याच्या शेवटी मेडिकलमध्ये "माल नाही" म्हणतात आणि आजीची गोळी त्या दिवशी तुटते.