आत्तीचं लिक्विड आणि बहिणीचं लिक्विड

मिरजेला आत्तीचं पित्ताशय दुर्बिणीनं काढलं. आधी पोटात कळा, उलट्या, मग सलाईन, आणि पुढं आठवडाभर 'लिक्विडवर'. घरी आली तेव्हा तीन किलो उतरली होती. ते बघून विश्रामबागेतल्या माझ्या चुलतबहिणीनं दुसऱ्या दिवसापासून जेवण सोडलं. सकाळी शहाळं, दुपारी द्राक्षाचा रस, रात्री सूप. "दवाखान्यात देतात म्हणजे चांगलंच असणार की!" हे तिचं म्हणणं. तिथंच घोळ होतो.

मुळात दवाखान्यातलं लिक्विडही एक नसतं. पारदर्शक लिक्विड म्हणजे पेल्याचा तळ दिसेल असं काहीही: पाणी, शहाळं, गाळलेलं सरबत, कोरा चहा. पूर्ण लिक्विडमध्ये दूध, ताक, गाळलेली पेज, नाचणीची आंबील येते. हा फरक आम्ही चांगलाच शिकलो. सिस्टरनी आत्तीला "पहाटे थोडा कोरा चहा चालेल" असं सांगितलं होतं. आत्तीच्या लेखी चहा म्हणजे दुधाचाच. थर्मासमधला कपभर घेतला आणि सकाळी भूलतज्ज्ञांनी विचारल्यावर सरळ सांगून टाकलं. ऑपरेशन दुपारवर गेलं. तेव्हा मी तिच्यावर चिडले, पण तिनं खरं सांगितलं याचे आज उपकार वाटतात. पारदर्शक लिक्विड भुलेच्या २ तास आधीपर्यंत चालतं, कारण ते पोटातून लवकर पुढं सरकतं. दूध पोटात फुटतं, घट्ट होतं, रेंगाळतं, म्हणून त्याला ६ तास लागतात. भुलेत ते वर येऊन श्वासनलिकेत उतरलं तर फुफ्फुसावर बेततं.

कारण बदललं की यादीही बदलते. आतड्याची दुर्बिणीनं तपासणी असेल तर कोकम, बीट, काळ्या द्राक्षांचा रस बंद, कारण तो लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. किडनीच्या रुग्णाला शहाळंच धोक्याचं ठरू शकतं, त्यात पोटॅशियम भरपूर असतं. अर्धांगवायूनंतर गिळता येत नसेल तर साधं पाणीही ठसक्यासरशी फुफ्फुसात जातं, त्याला मुद्दाम दाट करून देतात. म्हणून 'लिक्विड द्या' असं ऐकलं की लगेच विचारावं: दूध चालेल का, किती दिवस, आणि शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन किती घ्यायचं? खाणं थांबलं आणि औषध तेवढंच राहिलं तर शुगर धाडकन खाली येते.

आता त्या तीन किलोंचं. आपलं शरीर यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा ठेवतं आणि त्याच्या दर ग्रॅममागं सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतं. खाणं तुटलं की आधी हा साठा संपतो, पाणी निघून जातं, काटा खाली येतो. जेवायला लागलं की तेच वजन परत. पुढं रेटत राहिलं तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. ६० किलोच्या बाईला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिनं लागतात. बहिणीच्या पेल्यात २०० मिलि रसातून ३० ग्रॅमच्या आसपास साखर जात होती, प्रथिनं जवळपास नाहीतच.

वजनासाठी डॉक्टर देतात ते लिक्विड खरंच असतं, पण त्याचा फळांच्या रसाशी संबंध नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' या अभ्यासात टाइप २ मधुमेहाच्या लोकांना ३ ते ५ महिने दिवसाला ८२५ ते ८५३ कॅलरींचं पातळ अन्न दिलं. प्रथिनं, जीवनसत्त्वं, क्षार मोजून घातलेले. वर्षानंतर त्यातल्या ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधाशिवाय आटोक्यात होता. पण शुगरच्या आणि बीपीच्या गोळ्या पहिल्याच दिवशी देखरेखीखाली थांबवल्या होत्या आणि जेवण पायरीपायरीनं परत आणलं होतं. त्याउलट १९७० च्या दशकात अमेरिकेत निकृष्ट प्रथिनांच्या पातळ आहारावर राहिलेली माणसं हृदयाची लय बिघडून दगावली.

बहिणीला मात्र मी यातलं सगळं सांगितलं नाही. एकच सांगितलं. वजन झपाट्यानं उतरलं की यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं, आणि पोटात स्निग्ध काही गेलंच नाही तर पित्ताशय नीट आकुंचन पावत नाही. पित्त साचतं आणि त्याचे खडे होतात. आत्तीला ऑपरेशनच्या टेबलावर नेलं होतं ते असल्याच खड्यांनी. ती गप्पच झाली.

सहावा दिवस होता, सकाळपासून तिला गरगरत होतं. संध्याकाळी आत्तीनं स्वतः फोन करून बोलावून घेतलं. आत्तीपुढं वाटीत हुलग्याचं माडगं होतं, बहिणीच्या ताटात ज्वारीची भाकरी आणि मेथीची भाजी. "माझं पातळ मला राहू दे," आत्ती म्हणाली, "तुझे दात धड आहेत, तू चावून खा."