पावसात ठिणगी जाते कुठे?

आगोट सरली, पाऊस लागला की रत्नागिरीपासून मालवणपर्यंत गॅरेजवाल्यांकडे एकच तक्रार येते. काल संध्याकाळी धडधाकट असलेली मोटरसायकल रात्रभर अंगणात भिजते आणि सकाळी किका मारून पाय भरून आला तरी दाद देत नाही. प्लग काढून बघावा तर ‘करंट’ नाही. लगेच कोणीतरी छातीठोकपणे सांगतं, ‘सीडीआय गेला!’ (सीडीआय म्हणजे ठिणगीची वेळ साधणारा इलेक्ट्रॉनिक डबा.) किनारपट्टीवर तो बहुतेक वेळा गेलेला नसतो. वीज वाटेतच गळत असते.

ती का गळते, हे कळायला आधी आकडे बघू. बॅटरी 12 व्होल्टची. मोकळ्या हवेत 1 मिलिमीटर अंतर उडी मारून पार करायला विजेला साधारण 3,000 व्होल्ट लागतात. प्लगमधली फट असते 0.6 ते 0.8 मिलिमीटर. पण सिलिंडरमध्ये पिस्टनने दाबलेली हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी दाट असते, त्यामुळे तिथे याच फटीला काही पट जास्त विजेचा दाब, म्हणजे व्होल्ट, लागतो. तो पुरवते इग्निशन कॉइल. मायकेल फॅरडेने 1831 मध्ये दाखवलेल्या तत्त्वावरच ती चालते: एका गुंडाळीतला प्रवाह झटक्यात बदलला की शेजारच्या गुंडाळीत वीज निर्माण होते. दुसऱ्या गुंडाळीचे वेढे कितीतरी जास्त, म्हणून व्होल्टही तितके जास्त. सीडीआय एका कपॅसिटरमध्ये दोनेकशे व्होल्ट साठवून ठेवतो आणि इंजिनासोबत फिरणाऱ्या मॅग्नेटजवळच्या पल्सर कॉइलचा इशारा आला की ते एकदम इग्निशन कॉइलमध्ये ओततो.

एवढा दाब असला की वीज प्लगच्या फटीतूनच जाईल असं नाही. इंजिनाच्या धातूकडे पोचायला दुसरी सोपी वाट मिळाली तर ती तिकडून जाते. ती वाट आपल्याकडचा खारा वारा करून देतो. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून घेतं आणि स्वतःच विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, ते त्याहून हावरे. पावसाळ्यात आपली हवा ही मर्यादा सहज ओलांडते. म्हणजे पाऊस उघडला, गाडी वरून कोरडी दिसली, तरी प्लग कॅपवरचा (प्लगवर बसणाऱ्या टोपीवरचा) मिठाचा थर ओलाच राहतो, आणि खारं पाणी वीज उत्तम वाहून नेतं.

ही गळती डोळ्यांनी दिसते. अंधारात गाडी लावा, शेजाऱ्याला किक मारायला सांगा आणि हात न लावता कॅपकडे बघा. तडा असेल तर निळसर धागा कॅपमधून इंजिनाच्या धातूकडे पळताना दिसतो. एकदा अशी वाट पडली की तिथलं रबर, प्लास्टिक जळून कार्बनची काळी रेघ उमटते. मग कोरड्या दिवशीही वीज त्याच रेघेने जाते. असली कॅप पुसून काय होणार? बदलाच. स्वस्तात मिळते. बऱ्याच गाड्यांत ती वायरवर स्क्रूसारखी फिरवून बसवलेली असते. ती काढून वायरचं काळवंडलेलं टोक अर्धा सेंटिमीटर कापलं, तेवढ्यानेही कित्येकदा काम भागतं.

प्लग तपासताना तो कॅपमध्ये घालून त्याचे आटे इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवा. रंगावर टेकवून उपयोग नाही. प्लगच्या भोकापासून तो लांब ठेवा, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. प्लग अधांतरी सोडून किका मारायची सवय तर फारच वाईट. विजेला कुठेच जाता आलं नाही की ती कॉइलचं आतलं आवरण फोडते, आणि नसलेला बिघाड खरोखर होतो. बाहेर ठिणगी दिसली म्हणून निर्धास्तही होऊ नका. पिवळट, क्षीण ठिणगी सिलिंडरमधल्या हवेच्या दाबाखाली विझू शकते.

सगळ्यात जास्त चकवतो तो किल स्विच, म्हणजे इंजिन बंद करायचं बटण. काही जुन्या गाड्यांत सीडीआयला वीज थेट मॅग्नेटकडून मिळते. त्यांत इंजिन बंद करायचं म्हणजे सीडीआयची एक वायर बॉडीला जोडायची. स्विचमध्ये खारं पाणी शिरलं की ती आपोआप जोडली जाते आणि गाडीला वाटतं, मालकाने बंद केलंय. ती वायर सीडीआयकडून सोडवा. ठिणगी आली तर चोर स्विचमध्ये किंवा चावीत सापडला. बॅटरीवर चालणाऱ्या सीडीआयचं उलट: तिथे स्विच पुरवठा तोडतो, म्हणून आधी बॅटरी, फ्यूज आणि सीडीआयपर्यंत 12 व्होल्ट पोचतात का ते बघावं. नव्या गाड्यांत साइड स्टँडचा स्विचही याच पंगतीत बसतो.

मग कपलर, म्हणजे वायरींचे जोड, उघडायचे. पितळी पिनांवर हिरवा कळक दिसेल. मल्टिमीटरवर अशी पिन कधी ठीक दाखवते, पण प्रत्यक्ष प्रवाह वाहायला लागला की व्होल्ट खाते. कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून कोरडी करा, वर सिलिकॉन ग्रीस लावा. फ्रेमला जोडलेली अर्थची वायर सोडवून तिच्याखालचा गंजही खरवडा. पल्सर कॉइलचा रोध मोजून त्या मॉडेलच्या आकड्याशी ताडून बघा. एवढं सगळं ठीक निघालं तरच त्याच मॉडेलच्या चालत्या गाडीचा सीडीआय लावून बघावा.

हर्णैच्या पुळणीवर लिलावाला नेलेली किंवा मासळीची खोकी वाहणारी गाडी त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवावी. मात्र प्रेशर वॉशरचा फवारा कॉइल, कपलर आणि हँडलवरच्या स्विचांवर मारायचा नाही. तो मीठ काढण्याऐवजी पाणी आत ढकलतो.