इमेज बिल्डरच्या विझार्डमध्ये कंप्लायन्स प्रोफाइल: पार्श्वभूमी

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत हे कुणाला समजावावं लागत नाही: साच्यात कोअर (आतली पोकळी ठेवणारा गाभा) सरकला, तर कास्टिंग निवल्यावर ग्राइंडर फिरवून उपयोग नसतो. सर्व्हरच्या डिस्कवरची पार्टिशनं, म्हणजे डिस्कचे वेगळे पाडलेले भाग, तशीच आहेत: नंतर बदलणं अवघड. सुरक्षेचं (कंप्लायन्स) प्रोफाइल, म्हणजे पाळायच्या सुरक्षा नियमांचा संच, थेट इमेज बिल्डरच्या विझार्डपर्यंत येऊन पोचलं (इमेज म्हणजे सर्व्हरवर चढवायची लिनक्सची तयार प्रत आणि विझार्ड म्हणजे ती पायरी-पायरीनं बनवून घेणारे पडदे), त्याचं मुख्य कारण हेच.

सुरुवात याद्यांनी झाली. सेंटर फॉर इंटरनेट सिक्युरिटीचे (सीआयएस) बेंचमार्क किंवा अमेरिकी संरक्षण खात्याचे स्टिग, म्हणजे सुरक्षित सेटिंग्जच्या याद्या, उघडायच्या आणि एकेक सेटिंग हातानं लावायचं. तपासणी यंत्राला समजावी म्हणून २००२ मध्ये ओव्हल आणि २००५ मध्ये एक्ससीसीडीएफ ही रूपं आली. एक्ससीसीडीएफ कोणत्या प्रोफाइलमध्ये कोणते नियम ते सांगतं, तर तो नियम मशीनवर पाळलाय का हे कसं बघायचं ते ओव्हल सांगतं. निस्ट या अमेरिकी मानक संस्थेनं २००९ मध्ये ही सगळी मोट स्कॅप १.० म्हणून बांधली. ही मानकं वापरून तपासणी करणाऱ्या ओपनस्कॅप या साधनाला २०१४ मध्ये निस्टचं प्रमाणपत्र मिळालं.

इकडे रिझर्व्ह बँकेनं नागरी सहकारी बँकांसाठी ऑक्टोबर २०१८ मध्ये मूलभूत सायबर सुरक्षा चौकट दिली आणि ३१ डिसेंबर २०१९ ला तिचे चार स्तर केले. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी १८० दिवसांचे लॉग (यंत्रणेच्या घडामोडींच्या नोंदी) ठेवणं आणि घटना ६ तासांत कळवणं बंधनकारक केलं. सहकाराचं जाळं एवढं दाट असलेल्या कोल्हापुरात बँकांचे सर्व्हर सांभाळणाऱ्यांना तेव्हापासून हा विषय टाळता येत नाही.

अडचण कुठे येते? सीआयएसला /टीएमपी हे तात्पुरत्या फाइलींचं फोल्डर वेगळ्या पार्टिशनवर आणि नोएक्झेक पर्यायासह (तिथून प्रोग्रॅम चालवायला बंदी) हवं असतं. त्याच्या अधिक कडक लेव्हल २ ला /होम, /व्हार, /व्हार/लॉग आणि /व्हार/लॉग/ऑडिट हेही वेगळे लागतात. चालू सर्व्हरवर /व्हार वेगळं काढायचं म्हणजे सेवा बंद करा, नवा व्हॉल्यूम पाडा, डेटा हलवा, एसई-लिनक्सची (लिनक्समधल्या प्रवेश-नियंत्रणाची) लेबलं पुन्हा लावा. तपासणीच्या रिपोर्टमधली ही लाल (नापास) ओळ स्क्रिप्टनं हिरवी होत नाही. म्हणून आधी लिनक्सच्या ॲनाकोंडा इन्स्टॉलरला स्कॅपची जोड मिळाली, मग इमेज बिल्डरच्या ब्लूप्रिंटमध्ये (इमेजमध्ये काय हवं ते लिहिलेल्या आराखड्यात) प्रोफाइलचा रकाना आला आणि त्यानंतर वेबवरच्या विझार्डमध्ये निवडपेटी.

निवडपेटी दिसायला साधी आहे, पण तिच्या मागे बरंच काही हलतं. प्रोफाइल निवडलं की पार्टिशनं, पॅकेजेस, चालू-बंद करायच्या सेवा आणि कर्नलचे पर्याय पुढच्या पायऱ्यांमध्ये आपोआप भरले जातात. आकार बाइट्समध्ये येतो. /टीएमपीसाठी आलेला १०७३७४१८२४ हा आकडा पडद्यावर १ जीआयबी (१०२४ × १०२४ × १०२४ बाइट्स) दिसला पाहिजे आणि परत पाठवताना तोच राहिला पाहिजे. रूपांतर एकदा चुकलं की पार्टिशन हजारपट लहान किंवा मोठं होतं.

सगळ्यात चिवट दोष प्रोफाइल बदलताना निघतात. सीआयएस निवडून नंतर स्टिग घेतलं, तर सीआयएसनं घातलेली पॅकेजेस जायला हवीत, पण वापरणाऱ्यानं स्वतः घातलेलं पॅकेज राहायला हवं. कोणती नोंद कुणी केली हे विझार्डच्या स्टेटमध्ये (त्याच्या चालू नोंदींमध्ये) वेगळं ठेवलं नसेल तर दोन्हीपैकी एक चूक होतेच. आणखी एक: लिनक्सच्या प्रत्येक आवृत्तीची (रिलीजची) प्रोफाइलं वेगळी असतात. रिलीज बदललं की जुनी निवड पुसलीच पाहिजे, नाहीतर बिल्ड शेवटच्या टप्प्यावर कोसळतं आणि वापरणाऱ्याला कारण कळत नाही.

त्यामुळे चाचण्या निवडपेटी दिसते का एवढ्यावर थांबवू नयेत. सर्व्हरची उत्तरं नकली ठेवा, प्रोफाइल निवडा, शेवटच्या पायरीपर्यंत जा आणि सर्व्हरला जाणारी विनंती अपेक्षित मजकुराशी अक्षरशः ताडून बघा. मग तेच प्रोफाइल काढून विनंतीत त्याचा मागमूस नाही हे बघा. जतन केलेलं ब्लूप्रिंट संपादनासाठी उघडल्यावर हाताने बदललेला पार्टिशनचा आकार प्रोफाइलच्या मूळ आकारानं झाकला जात नाही ना, हेही तपासा. १८० दिवसांच्या लॉगसाठी कुणी /व्हार/लॉग मुद्दाम मोठं केलेलं असतं. ते गुपचूप लहान झालं तर डिस्क भरेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही.

दोन गोष्टी मात्र विझार्डच्या चाचणीत सापडत नाहीत. कडक प्रोफाइल एसएसएचवरून (दुरून सर्व्हरवर लॉगिन करण्याच्या मार्गावरून) रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याचा, प्रवेश बंद करतं, तेव्हा इमेजमध्ये दुसरा वापरकर्ता नसेल तर एसएसएचनं आत शिरताच येत नाही. आणि इमेज बनताना तिथली कर्नल आणि सेवा चालू नसतात, त्यामुळे चालू स्थितीवर अवलंबून असलेले नियम तिथे तपासले जात नाहीत. पहिल्या बूटनंतर ‘ओस्कॅप’ ही ओपनस्कॅपची आज्ञा पुन्हा चालवून त्याचा रिपोर्ट जपून ठेवा. ऑडिटरला दाखवायचा तो हाच.