मतदाराचा निकष: आधी गुप्तता, मग माहिती

‘शिकलेला असावा, स्वच्छ असावा, हाकेला धावून येणारा असावा.’ उमेदवार कसा हवा, असं कुणालाही विचारलं की साधारण अशीच यादी ऐकायला मिळते. ही यादी ज्याने त्याने आपली आपण करायची आणि तिला स्मरून मत द्यायचं, ही कल्पना मात्र फार जुनी नाही. माणसं पारखण्याची खोड जुनीच. ती पारख कुणाला न घाबरता मतपेटीत टाकता येणं अलीकडचं.

प्राचीन अथेन्समध्ये बहुतेक पदं चिठ्ठ्या टाकून भरली जात. नाव निघालं की पदभार घेण्याआधी त्या माणसाची जाहीर चौकशी व्हायची. आर्कोन या वरिष्ठ शासकीय पदासाठी विचारले जाणारे प्रश्न नोंदलेले आहेत: आई-वडील कोण? त्यांना नीट वागवतोस का? पूर्वजांची थडगी कुठे आहेत? कर भरतोस का? लष्करी मोहिमांवर गेला होतास का? सत्ता हाती आल्यावर काय करणार, याबद्दल एक अक्षर नाही. सेनापती मात्र हात वर करून निवडत. युद्ध चिठ्ठीवर सोपवण्याइतके अथेन्सवाले भाबडे नव्हते.

रोमन काळातला मतदार कशाला भुलत असे, ते पॉम्पेईच्या भिंतींवर दिसतं. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या या शहरात रंगवलेल्या प्रचाराच्या ओळी मोठ्या संख्येने सापडल्या. बहुतेक साचेबद्ध आहेत, ‘सज्जन’, ‘पदाला लायक’ अशा. पण एक ओळ सांगते की ज्युलियस पॉलिबियस चांगला पाव आणतो. दुसरीत वाटिया नावाच्या उमेदवाराला ‘रात्री उशिरापर्यंत पिणाऱ्या सगळ्यांचा’ पाठिंबा जाहीर केलाय. ही बहुधा विरोधकांची खोडी असावी. शिफारस कोण करतंय यावरून माणूस जोखण्याची रीत तेव्हाही होती, म्हणून तर ती खोडी लागू पडली असणार.

खरा पेच पुढे इंग्लंडमध्ये दिसतो. तिथे १८७२ पर्यंत मत उघडपणे, सगळ्यांसमक्ष सांगावं लागे. कुणी कुणाला मत दिलं याच्या याद्या अनेक ठिकाणी चक्क छापून विकल्या जात. जमीनदाराच्या जमिनीवर राबणाऱ्या कुळाने अशा वेळी कसला स्वतंत्र निकष लावायचा? तरीही जॉन स्टुअर्ट मिलसारखा उदारमतवादी विचारवंत उघड मतदानाच्याच बाजूचा होता. मत ही मतदाराची खासगी मालमत्ता नाही, समाजाने त्याच्याकडे सोपवलेली ठेव आहे, म्हणून त्याचा जाब समाजाला विचारता आला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. युक्तिवाद तोलामोलाचा आहे. फक्त जाब विचारणारा ‘समाज’ प्रत्यक्षात घरमालक किंवा कारखानदार असायचा, ही त्यातली गोम. सरकारने छापलेली मतपत्रिका आणि आडोशाला जाऊन केलेली खूण ही पद्धत १८५६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वसाहतींत सुरू झाली. ब्रिटनने ती १८७२ मध्ये उचलली.

त्याआधीच ब्रिटिश खासदार एडमंड बर्कने एक प्रश्न उभा करून ठेवला होता, जो आजच्या याद्यांतून हमखास सुटतो. ३ नोव्हेंबर १७७४ रोजी ब्रिस्टल या आपल्या मतदारसंघातल्या मतदारांना त्याने सुनावलं की प्रतिनिधीने तुमच्यासाठी राबायचंच, पण स्वतःची विवेकबुद्धी तुमच्या मतापुढे गहाण टाकली तर तो तुमची सेवा नव्हे, फसवणूक करतो. पुढे आयर्लंडचा व्यापार आणि कॅथलिकांवरची बंधनं या विषयांवर त्याने ब्रिस्टलच्या नाराजीची पर्वा केली नाही. १७८० मध्ये पराभव समोर दिसताच त्याला माघार घ्यावी लागली. माझ्या मते ‘शिकलेला की प्रामाणिक’ यापेक्षा हा प्रश्न आधी सोडवायला हवा: आपल्याला सांगकाम्या हवा आहे की आपल्याशी प्रसंगी असहमत होणारा माणूस? याचं उत्तर ठरल्याशिवाय बाकीच्या गुणांचं वजन ठरत नाही.

विसाव्या शतकात पक्ष बळावले आणि व्यक्ती मागे पडली. भारताच्या १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी होती आणि तिच्यावर त्याचं चिन्ह असे. बहुसंख्य मतदारांना अक्षरओळख नव्हती, चिन्ह मात्र सगळ्यांना कळत होतं. १९५७ मध्ये अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्सने याच आखूड वाटेची बाजू मांडली. एका मताने निकाल बदलण्याची शक्यता नगण्य, मग प्रत्येक उमेदवाराचा अभ्यास करत कोण बसणार? अशा वेळी पक्षाच्या नावावरून अंदाज बांधणं हा आळस नसून शहाणपणाचा हिशेब ठरतो.

त्याच्या आधी, १९४० मध्ये, समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एका कौंटीत (जिल्ह्यात) त्याच त्या मतदारांना महिनोन्‌महिने पुन्हा पुन्हा गाठलं. प्रचाराने मतं कशी फिरतात, हे त्यांना पाहायचं होतं. निघालं भलतंच. बहुतेकांचं आधीच ठरलेलं होतं. घरच्यांचं, मित्रांचं, सोबत काम करणाऱ्यांचं जे मत तेच यांचं, आणि प्रचाराने ते जास्त घट्ट झालं. म्हणजे निकष पुष्कळदा निर्णयानंतर शोधले जातात. २००५ मध्ये मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर टोडोरोव्हच्या गटाने तर उमेदवारांचे नुसते चेहरे अनोळखी लोकांना क्षणभर दाखवले आणि कोण जास्त सक्षम वाटतो ते विचारलं. अमेरिकी सिनेटच्या सुमारे ७० टक्के लढतींत सक्षम वाटलेला उमेदवारच प्रत्यक्षात जिंकला होता.

एवढं कळल्यावर हताश व्हायचं कारण नाही, कारण विश्वासार्ह माहिती वेळेत हाती आली तर लोक ती वापरतात. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या २ मे २००२ च्या निकालाने उमेदवारांना गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण यांची माहिती शपथेवर द्यायला लावली. संसदेने कायदा बदलून ही सक्ती सौम्य करू पाहिली, पण १३ मार्च २००३ रोजी न्यायालयाने ते मोडून काढलं. माहिती जाहीर होणं आणि ती मतदारापर्यंत पोचणं यात अंतर असतं, हे ब्राझीलने दाखवलं. तिथे २००३ पासून सोडतीने निवडलेल्या नगरपालिकांचे हिशेब तपासून अहवाल जाहीर होऊ लागले. गैरव्यवहार उघड झालेल्या महापौरांची फेरनिवडीची शक्यता घटली, आणि जिथे स्थानिक रेडिओ होता तिथे हा फटका जास्त बसला.

नेदरलँड्समध्ये १९८९ पासून आणि जर्मनीत २००२ पासून एक प्रश्नावली चालते. धोरणांवरच्या विधानांना हो-नाही म्हटलं की कोणता पक्ष आपल्याला जवळचा ते ती सांगते. अथेन्सने न विचारलेलं सारं तिच्यात आहे. ‘आई-वडिलांना नीट वागवतोस का’ हे मात्र ती कुणालाच विचारत नाही.