वडिलोपार्जित शेतीचा भावंडांत वाद: वारस नोंद, वाटप आणि लागणारे कागद

सातबाऱ्यावर थोरल्याचं नाव, म्हणजे जमीन थोरल्याची, ही समजूत आधी डोक्यातून काढा. त्याच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, मालक नव्हे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ नुसार सातबाऱ्याची नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, एवढंच.

हक्क कोणाला? हिंदू कुटुंबात मृत्युपत्र नसेल तर बापाच्या हिश्शात विधवा, मुलगे, मुली आणि हयात असल्यास बापाची आई, सगळे सारखे वाटेकरी. शिवाय वडिलोपार्जित जमिनीत ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मानेच सहदायाद (म्हणजे मुलासारखीच जन्मापासून हिस्सेदार) झाली. त्या तारखेला बाप हयात असायलाच हवा असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी उकरता येत नाही. बहिणींची नावं कब्जेदार सदरी (मालकांच्या रकान्यात) न घेता ‘इतर हक्कात’ टाकलेली जुन्या उताऱ्यांवर खूप दिसतात. आधी तेवढं बघा.

वारस नोंद. मृत्यूनंतर तीन महिन्यांत ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (म्हणजे आपल्या तलाठ्याकडे) किंवा ‘ई-हक्क’ या सरकारी संकेतस्थळावरून अर्ज करायचा. सोबत मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनीचा उतारा), सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र आणि आधार. प्रतिज्ञापत्रात बहीण गाळली की पुढचं सगळं रामायण तिथून सुरू होतं. फेरफार (हक्कबदलाची नोंद) नोंदला की नमुना ९ ची नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस. हरकत आलीच नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. आली तर प्रकरण तक्रार नोंदवहीत जातं आणि सुनावणी लागते. निर्णय पटला नाही तर ६० दिवसांत प्रांताकडे अपील. नोटीस हातात पडली नाही, असं सांगणारे भरपूर भेटतात; म्हणून ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावर गावाचे फेरफार अधूनमधून बघत जा.

राखीला आलेल्या एका ताईंकडून भावाने जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून सही घेतली होती. ‘वारस नोंदीचा आहे,’ म्हणाला. मग सगळे निबंधक कार्यालयात गेले. तिथेच ताई थबकल्या, कारण वारस नोंदीला निबंधक लागत नाही. कागद होता हक्कसोडपत्राचा, म्हणजे आपला हिस्सा सोडून दिल्याचा. तो एकदा नोंदला की माघार फार अवघड.

वाटप. वारस नोंद म्हणजे वाटणी नव्हे; नावं लागली तरी जमीन सामाईकच. सगळे राजी असतील तर महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करायचा: चालू सातबारा, आठ-अ, फेरफार, सर्वांची संमती, कोणाला कोणता तुकडा हे दाखवणारा कच्चा नकाशा, चतुःसीमा. नोटिसा, जबाब, आदेश, मग फेरफार. हद्दी कायम करायला भूमी अभिलेखची मोजणी वेगळी. नोंदणीकृत वाटणीपत्राचा मार्गही आहेच.

एकाने जरी मालकीवर वाद काढला, तर तहसीलदार वाटप थांबवून दिवाणी न्यायालयाकडे बोट दाखवतात. तिथे वाटपाचा दावा. हिस्से ठरून हुकूमनामा झाला की प्रत्यक्ष जमीन कलेक्टरमार्फत वाटली जाते. दावा दाखल करताना जमीन परस्पर विकली जाऊ नये म्हणून मनाईचा अर्जही जोडा.

तुकडेबंदी. प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते, बहुतेक जिल्ह्यांत बागायतीला १० गुंठे, जिरायतीला २०. चार भावंडांत ४० गुंठे जिरायत असेल तर चार तुकडे पडत नाहीत. एकाने जमीन घ्यावी, बाकीच्यांना पैसे द्यावेत, हे तडजोडीतच लिहून घ्या. आणि विहीर, तिच्या पाण्याच्या पाळ्या, बांधावरची गाडीवाट हेही त्याच कागदात येऊ द्या. क्षेत्र बरोबर वाटूनही पहिल्या उन्हाळ्यात भांडण विहिरीवरच होतं.