कोन्ता नंबर देऊ, भाऊ?

आमच्याकडच्या आठवडी बाजारात ताडपत्रीवर चड्ड्या-बनियनचा ढीग मांडून बसलेला दुकानदार गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहत नाही, पोटाकडे पाहतो. "कोन्ता नंबर देऊ, भाऊ?" उत्तर ठरलेलं: "दे ना बापा अंदाजानं." बैलाचे दात उघडून पाहणारा, सरकीच्या पाकिटावरची तारीख उन्हात धरून वाचणारा हाच माणूस. पण चड्डीची घडी तो उलगडतही नाही. पिशवीच्या तळाशी टाकतो, वरून सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी ठेवतो.

त्या नंबरात गूढ काही नाही. 80, 85, 90 म्हणजे कमरेचा घेर, सेंटिमीटरमध्ये. 34 इंच म्हणजे सुमारे 86, तेव्हा 85 घ्यायची. फक्त हे 34 जीन्सच्या पट्ट्यावरून उचलू नका. तयार पँटवरचा आकडा आणि तिचा खरा घेर यांत बरेचदा दोन इंचांचा फरक निघतो. करदोडा बसतो तिथं सुतळी गुंडाळा, मग ती टेपवर धरा.

नंबर जुळला तरी खरी परीक्षा उकिडवं बसल्यावर. तसं बसलं की कुल्ल्यांवरची कातडी चांगलीच ताणली जाते आणि कापडालाही तेवढंच ताणावं लागतं. होजिअरीचं कापड धाग्याच्या फाशांनी विणलेलं असतं. ताण आला की फासे उघडतात, आणि पाचेक टक्के इलॅस्टेन (रबरासारखा ताणून मागे येणारा धागा) असेल तर ते पुन्हा जागेवर येतात. आजोबांची पट्टापट्टीची चड्डी उभ्या-आडव्या विणीची, म्हणजे जवळपास न ताणणारी. म्हणून शिंपी ती ऐसपैस बेतायचा. दोन्ही रीती बरोबर आहेत. न ताणणारं कापड आणि वर अंगाला घट्ट, हे मात्र जमत नाही. बसल्यावर पट्टा दुमडला तर घेर कमी आहे, पाय वर सरकला तर मांडीला घट्ट आहे, जांघेत कापडाचा बोळा झाला तर मोठी आहे. तीनचं पाकीट घेण्याआधी एकच आणून घरी बसून पाहावं.

आता उष्णतेचं. शुक्रजंतू तयार व्हायला 37 अंशांपेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागतं, म्हणून वृषण शरीराबाहेर लोंबते ठेवलेले आहेत. त्यांची पिशवी थंडीत आक्रसते, उन्हात सैल पडते. घाम वाळताना थंडावा देतो, पण त्याला हवा खेळती लागते. कूलर लावून दारं-खिडक्या बंद केल्या की खोलीत नुसता दमटपणा साचतो, हे विदर्भात कुणाला सांगायला नको. घट्ट चड्डीत तेच घडतं. अमेरिकेत 656 पुरुषांच्या पाहणीत (2018) सैल बॉक्सर घालणाऱ्यांच्या वीर्यात शुक्रजंतूंचं प्रमाण 25 टक्के जास्त आढळलं. घट्टवाल्यांचे आकडेही बहुतेक सामान्य मर्यादेतच होते, त्यामुळे घाबरून जाण्यासारखं काही नाही. पण मूल होत नसेल तर सर्वांत स्वस्त बदल हाच.

कापड कोणतं? कापूस आपलाच. 100 ग्रॅम सुती कापड साधारण हवेतली साडेआठ ग्रॅम वाफ पिऊनही कोरडंच वाटतं, पॉलिस्टर अर्धा ग्रॅमही पीत नाही. मात्र सुती एकदा चिंब झालं की लवकर वाळत नाही. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत याची अडचण नाही. भंडारा-गडचिरोलीकडे धानाच्या रोवणीत गुडघाभर चिखलात उभं राहिल्यावर कोणतंच कापड कोरडं राहत नाही. ओली कातडी कोरडीपेक्षा जास्त घासते आणि जांघा लागतात. तिथं मांडीपर्यंत येणारी लांब पायाची चड्डी बरी, आणि जेवणाच्या सुट्टीत बदलायला दुसरी.

खरी भीती मला फवारणीची वाटते. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसपेक्षा जास्त माणसं गेली. विष नाका-तोंडातून जातं तसं कातडीतूनही जातं, पण अंगावरची सगळी कातडी सारखी नसते. त्वचारोगतज्ज्ञ हॉवर्ड मायबाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1971 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पॅराथिऑन हे कीटकनाशक वृषणाच्या कातडीतून कोपर ते मनगट या हाताच्या भागापेक्षा सुमारे बारा पट जास्त आत गेलं होतं. आपल्याकडे वापरलं गेलेलं मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशकही त्याच ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं. आता पाठीवरचा पंप आठवा. झाकणातून पाझरलेलं पाणी पाठीवरून कमरेत उतरतं, कंबरेएवढ्या कपाशीतून चालताना पँट पुढून भिजते. साडेआठ ग्रॅम वाफ पिणारं तेच कापड हे पाणीही पितं आणि याच पातळ कातडीला तासन्‌तास चिकटवून ठेवतं. आपण हात साबणाने धुऊन डबा उघडतो, चड्डी संध्याकाळपर्यंत तीच. पंप गळका असेल तर आधी तो दुरुस्त करा. कमरेखाली भिजलं की त्याच वेळी आंघोळ, कपडे बदल, आणि ती चड्डी घरच्या कपड्यांपासून वेगळी धुवा.

हाच धडा गजकर्णाच्या मलमालाही लागू. जांघेत गोल चट्टा आला की माणूस डॉक्टरकडे जात नाही, लाजतो. मेडिकलवाला एक ट्यूब देतो. तीत स्टेरॉइड असेल तर दोन दिवसांत खाज थांबते, बुरशी मात्र आत पसरत राहते. 1967 च्या प्रयोगात हायड्रोकॉर्टिझोन हे स्टेरॉइड वृषणाच्या कातडीतून हातापेक्षा 42 पट शोषलं गेलं होतं. म्हणूनच तिथली कातडी पातळ पडते, रेघा उमटतात. बुरशीचं औषध आठवडेच्या आठवडे घ्यावं लागतं, आणि घरात आणखी कुणाला असेल तर त्यालाही.

चड्डी वाळते कुठं, हे त्याहून जुनं दुखणं. आमच्या घरी वर्षानुवर्षं ती अंगणातल्या दोरीवर टॉवेलखाली वाळायची, कुणाला दिसू नये म्हणून. वर टॉवेल कडक, खाली इलास्टिकची शिवण ओलसर, आणि बुरशीला हवं असतं ते एवढंच. बाहेर 45 अंशांचं ऊन फुकट पडलेलं असताना! आता मी चड्डी उलटी करून शिवण वर ठेवतो आणि थेट टिनावर टाकतो. पाहुणे येणार असले की आई अजूनही वरून दुपट्टा टाकते. ते गेले की मी तो काढून घेतो.